साडेपाच तोळ्यांचा टिल्लू

परळी वैजनाथ
मार्गशीर्ष, रविवार दुपार

प्रिय प्रियदर्शनी,

लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत हसू आलं. तुझं नावच असं, की पत्रात तुला दोनदा प्रिय म्हणावं लागतं. असू दे. अनेक आशीर्वाद. इकडं सगळे खुशाल आहेत. सगळे म्हणजे मी, हे, टाकीतली पाटलीण आणि टिल्लू. टिल्लू मध्यंतरी आजारी होता, आता ठणठणीत आहे. हे आधीच सांगते, नाहीतर तू पत्र अर्ध्यात टाकून फोन लावशील. आत्ता लावू नको, आधी पूर्ण वाच. फोनवर आपलं काय बोलणं होतं ते तुला माहीत आहे. तू विचारतेस, "खातात का दोघं?" मी म्हणते, "खातात." तू म्हणतेस, "पाणी बदललं का?" मी म्हणते, "बदललं." मग "बरं, ठेवते." दोन वर्षं होत आली, आपण दोघी फक्त बेडकांचं बोलतो. मला सांगायचंय ते तेवढ्यात मावत नाही, म्हणून हा कागद घेतला.

तू हे घर सोडून बीडला निघालीस तेव्हा टेम्पोत तुझी पुस्तकं चढली, कपाट चढलं, शिलाई मशीनही चढलं. काचेची टाकी तेवढी राहिली. नोकरदार बायकांच्या वसतिगृहात मांजर चालत नाही, तिथं बेडूक कोण ठेवून घेणार? "महिनाभर राहू द्या, खोली मिळाली की नेते," म्हणालीस. मी मान हलवली. खरं तर तू लातूरच्या मत्स्यालयाच्या दुकानातून ते दोन पांढुरके, लाल डोळ्यांचे जीव आणलेस, त्या दिवसापासून मी त्या खोलीत पदर नाकाला लावूनच जात होते. मला वाटायचं आजारी आहेत, म्हणून असे पांढरे पडलेत. तूच सांगितलंस, ही परदेशी जात आहे, जन्मभर पाण्यातच राहते, फक्त श्वासाला वर येते. तुझं आणि माझ्या आदिनाथचं का बिनसलं ते तुम्ही दोघांनी कधी चव्हाट्यावर आणलं नाही, मीही उकरलं नाही. तो पुण्यात, तू इथं कॉलेजात जीवशास्त्र शिकवणार. शनिवार-रविवारच्या संसारात तुम्ही एकमेकांचे पाहुणे होऊन गेलात, एवढं मला दिसत होतं. कोर्टाचे कागद झाले, तू गेलीस, आणि तुझ्या खोलीत ही टाकी बुडबुडे सोडत राहिली.

पहिल्याच आठवड्यात पाटलीणबाईंनी मला घाम फोडला. सकाळी चहा ठेवला आणि सहज टाकीकडं पाहिलं, तर बाई अंगावरचं कातडं सदरा काढावा तसं डोक्यावरून ओढतेय आणि ओढलेलं दोन्ही हातांनी तोंडात कोंबतेय. मी अशी किंचाळले की हे दाढीचा साबण तोंडावर तसाच घेऊन धावत आले. तुला फोन लावला तर तू शांतपणे म्हणालीस, "कात टाकतेय. खाऊ दे, तिचीच आहे." चहा उतू गेला तो गेलाच. आता मात्र माझी नजर बसलीय. कात एकसंध निघाली की सगळं ठीक. तुकडे अंगाला चिकटून राहिले, किंवा कापसासारखं काही पांढरं दिसलं, तर कुठंतरी बिघाड आहे असं समजून आधी पाण्याकडं बघायचं. शेजारच्या बायकांना मी हा कात टाकण्याचा सोहळा बोलावून दाखवते. एक जण बघून गेली ती दोन दिवस जेवली नाही म्हणे.

खाण्यावरून आमच्या घरात राजकारणच झालं. ते दोघं सारखे काचेला नाक लावून उभे. दारात कोणी तोंड वर करून उभं राहिलं की भाकरी वाढायची, ही माझ्या नेकनूरच्या माहेरची सवय. ओळखीच्या शहादेवच्या शेतातल्या गांडूळखताच्या खड्ड्यातून गांडुळं आणायची, धुऊन तुकडे करायचे आणि घालायचे. त्याचीच आणायची, कारण तो फवारणी करत नाही. मी घालून गेले की हे मागून घालायचे, आणि दोघंही एकमेकांना सांगायचो नाही. पाटलीण अशी सुटली की वळायला तिला टाकी पुरेना. तू फोटो पाहून विचारलंस, "अंडी धरलीत का हिनं?" अंडी कसली, दोन घरचं जेवण होतं ते! मग ठराव झाला, आठवड्यातून दोन-तीनदाच खायला द्यायचं, तेही एकानंच. उरलेला तुकडा लगेच बाहेर काढायचा, नाहीतर तो कुजून पाणी नासतं. ठराव मोडताना मी ह्यांना दोनदा पकडलंय. पकडल्यावर म्हणतात, "मी फक्त बोलत होतो त्यांच्यासंगं."

ह्यांनी हौसेनं एकदा नदीकाठचे गुळगुळीत खडे आणून टाकीत अंथरले. दिसायला छान दिसलं. चौथ्या दिवशी पाटलीण खाईना, तळाशी बसून राहिली. तू म्हणालीस, खडा गिळला असेल, त्यांना जीभ नसते, समोर येईल ते हातानं तोंडात लोटतात. हे इतके हिरमुसले की त्या दिवशी ह्यांनाही जेवण गेलं नाही. दोन दिवसांनी खडा आपोआप बाहेर आला, म्हणून निभावलं. त्या खड्यावर तुळशीपाशी पाणी घालून ह्यांनी तो नमस्कार करून फेकला. आता टाकीचा तळ मोकळा. लपायला एक मोठं मातीचं मडकं आडवं ठेवलंय, काठ घासून गुळगुळीत केलेलं. बेडकाच्या तोंडात मावेल अशी वस्तू आत जायची नाही.

आणि उन्हाळा! परळीचा वैशाख तू काढलायस. वरून ऊन, खालून राख. पाणी हाताला कोमट लागायला लागलं की दोघं वर तरंगून निपचित पडायचे. तिथं मात्र ह्यांचं राज्य सुरू झालं. औष्णिक केंद्रात सगळी नोकरी कूलिंग टॉवरवर काढलेला माणूस, त्याला एवढीशी टाकी म्हणजे काय! टाकीला तीन बाजूंनी ओलं गोणपाट गुंडाळलं, वरच्या जाळीवर छोटा पंखा बसवला, दुपारी बर्फाची एक लहान बाटली पाण्यात सोडायची, पण हळूहळू, कारण एकदम गार केलं तर त्यांना धसका बसतो. निवृत्त झाल्यापासून हा माणूस खुर्चीत बसून भिंतीकडं बघायचा, तुला आठवत असेल. आता दर दोन तासांनी थर्मामीटर बघून स्वयंपाकघराकडं तोंड करून पुकारतात, "युनिट एक, चोवीस अंश, सगळं चालू!" मी आतून "बरं साहेब" म्हणते.

आता टिल्लूच्या आजारपणाचं सांगते. दिवाळीच्या आधी नळाला बरेच दिवस पाणी नव्हतं. आलं तेव्हा टीसीएल पावडरचा, म्हणजे क्लोरीनचा, असा वास, की डोळे चुरचुरावेत. टाकीसाठी आम्ही एक दिवस उघड्या टिपाडात पाणी मुरवून ठेवतो, तो वास उडून गेला की वापरतो. पण त्या दिवशी टिपाडातलं पाणी मी फराळाच्या भांड्यांना वापरलं, आणि टाकीतलं कमी झालंय म्हणून ह्यांनी सरळ नळाची बादली ओतली. दोघांनाही वाटलं, एवढ्यानं काय होतंय. पाटलीण दणकट, तिला काही झालं नाही. टिल्लू मात्र दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात बसला आणि मग त्याच्या मांड्या आतून लालभडक दिसायला लागल्या. खाणं बंद. हात लावला तरी हलेना. तुला तीनदा फोन केला, लागला नाही. आता कळतंय, त्या दिवशी तू कुठं होतीस ते. रागावले नाही. ते पुढं सांगते.

सकाळी झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात थोडं मुरलेलं पाणी, त्यात टिल्लू, आणि आम्ही दोघं जनावरांच्या सरकारी दवाखान्यात. पुढं तीन म्हशी, एक गाय, आणि शेळी घेऊन आलेला नाथा म्हणून एक माणूस. त्यानं डब्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "मावशे, ह्याच्या बी कानाला सरकारी बिल्ला मारायचा का?" मी म्हटलं, "आधी कान शोधून दे, मग मारू." सगळी रांग हसली, पण पुढं त्यानंच शेळी मागं ओढून आम्हाला वाट दिली, "जीव बारीक हाय, जाऊ द्या म्होरं." डॉक्टर यासीन तरुण आहे, हसरा. त्यानं टिल्लूकडं बराच वेळ पाहिलं आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "काकू, मी बारावीला बेडूक कापला होता. बरा आजवर एकही केला नाही. पण करून बघू." लगेच त्यानं उदगीरला शिकवणाऱ्या त्याच्या मॅडमना फोन लावला, फोटो पाठवले. मॅडम म्हणाल्या, नळाच्या पाण्यानं कातडी दुखावली आणि दुखावलेल्या कातडीतून जंतू आत शिरले. लाल मांड्या हे त्याचंच लक्षण, आणि उशीर झाला तर जीव हाती लागत नाही. याला वेगळं ठेवा, स्वच्छ मुरलेलं पाणी रोज बदला, गार अंधाऱ्या जागी ठेवा, दुकानातलं माशांचं औषध मनानं घालू नका. आणि सुई द्यायची ती वजनावर, ग्रॅमचंही चुकायला नको. आता दवाखान्यातला काटा म्हशींचा. त्यावर टिल्लू ठेवला तर काटा हललाही नाही.

हे म्हणाले, "सराफाकडं चल." मला वाटलं ह्यांचं डोकं फिरलं. पण गेलो. सराफ चांगला माणूस, आधी पाण्याचा डबा तोलला, मग टिल्लूसकट तोलला. काचेआड बघत म्हणाला, "साडेपाच तोळे. घडणावळ लावू का?" हे म्हणाले, "घडणावळ वरच्यानं कवाच लावलीय." मी पदर तोंडाला लावून हसत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "वैनी, डब्यात काय हाय?" बघते तर केसरवन्सं. ह्यांची चुलत बहीण, जिची लेक तुझ्या माहेरी चकलांब्यात दिलीय. नथ सांधायला आल्या होत्या. डब्यात डोकावल्या आणि तीन पावलं मागं सरल्या. "अगं बाई! गेलेल्या सुनंची बेडकं कावून संभाळता? द्या की तळ्यात सोडून." हे म्हणाले, "तळ्यात सोडायची न्हाईत, केसर. परदेशी हायती. आपल्या बेडकांची पिलं खातील, रोग लावतील." मग वन्संनी आवाज चढवला, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा. "तुमी हितं तिच्या बेडकाचं तोळे मोजताय, आन् ती तिकडं माघात दुसरं लगीन करतीय! ठरलं बी. सुपारी कालच फुटली, लेकीचा फोन आलता."

सराफानं काटा पुसायचं सोडून माझ्याकडं पाहिलं. खोटं कशाला बोलू, तू आमच्या दारातून आत आलेली मला दिसलीस आणि टेम्पोत बसून गेलेलीही दिसलीस. पण ते क्षणभरच. लगेच माझ्या तोंडातून निघालं, "मुलगा कसाय?" वन्सं गोंधळल्याच. त्यांना वाटलं होतं मी डोळ्याला पदर लावीन. मी त्यांना बाकड्यावर बसवून घेतलं आणि एकेक विचारून घेतलं. राम नाव, गेवराईला कृषी खात्यात आहे, पहिली बायको आजारपणात गेली, घरी आई एकटी, स्वभाव मऊ, तंबाखूसुद्धा खात नाही. "बोलायला कसाय?" विचारलं, तर वन्सं म्हणाल्या, "गप ऐकून घेतो म्हणं बायामाणसाचं." मला इतकं बरं वाटलं, प्रिया! तुझं ऐकून घेणारा कोणी हवाच होता. आदल्या दिवशी तुझा फोन का लागला नाही, तेही तेव्हाच कळलं. तू फोनवर हे कसं सांगणार होतीस? "खातात का?" आणि "पाणी बदललं का?" यांच्या मधे ते कुठं बसवणार होतीस? मला समजतं. मीही तुझ्या जागी गप्पच राहिले असते.

रिक्षात टिल्लूचा डबा माझ्या मांडीवर, हे शेजारी झाकणावर हात धरून. दवाखान्याच्या फाटकाशी उतरताना फक्त एवढंच म्हणाले, "तिला आई न्हाई गं." तुझी आई तुझ्या पहिल्या लग्नाच्याही आधी गेली, हे ह्यांच्या लक्षात राहिलं होतं.

डॉक्टर यासीननं पाच दिवस बारीक सुईनं औषध दिलं. पहिले दोन दिवस काही खरं नव्हतं. मी हात साबण न लावता नुसत्या पाण्यानं नीट धुवायचे, ओल्या हातानंच त्याला उचलायचे, आणि नंतर मात्र साबणानं स्वच्छ धुवायचे, कारण त्यांच्या अंगावरचे जंतू आपल्याला बरे नाहीत असं डॉक्टरनं बजावलं होतं. तिसऱ्या दिवशी लाली फिकी पडली. सुया संपल्यावर एकदा संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावत होते, आणि टिल्लूला वेगळं ठेवलेल्या टबातून घड्याळासारखी टिकटिक ऐकू आली. टिल्लू गात होता! हे बाहेरच्या खोलीतून ओरडले, "युनिट दोन चालू झालं!" आणि चक्क टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या ऐकून मी तशीच निरांजन हातात घेऊन हसत उभी राहिले.

आदिनाथला मी सगळं सांगितलं. त्याच्यापासून लपवून काही करायचं नव्हतं. तो फोनवर म्हणाला, "चांगलं झालं, आई. तिचं चांगलं होऊ दे. तुला जे वाटतंय ते कर." त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता. तोही सावरेल, त्याची काळजी तू करू नकोस.

आता बेडकांचं. ते तुझे आहेत, नव्या घरी न्यायचे असतील तर खुशाल ने, मी डब्यात घालून स्वतः पोचवीन. तिकडं बोअरचं पाणी असेल तर लगेच घालू नको, आधी इथलं अर्धं, तिथलं अर्धं, असं सवयीला लाव. झाकण घट्ट ठेव, पाटलीण उडी मारते. तुझ्या नव्या सासूबाई पहिल्यांदा किंचाळतील. किंचाळू दे, मीही किंचाळले होते. त्यांना माझा नंबर दे. म्हणावं, काही अडलं, बेडूक फुगला, लाल पडला, कात अडकली, तर तुला कॉलेजात त्रास न देता आधी मला फोन करा. आम्ही दोघी सासवा मिळून बघून घेऊ. आणि बेडूक इथून गेले तरी तू फोन करत जा. विषय नसेल तर भाजी काय केली ते विचार.

हळदीला आम्ही दोघांनी आलेलं तुला चालेल का, हे विचारायला हे पत्र लिहिलं. लोक काय म्हणतील ते मला तोंडपाठ आहे, जुनी सासू मांडवात कशाला. तुझी अडचण होणार असेल, रामच्या घरी अवघडल्यासारखं होणार असेल, तर मोकळ्या मनानं "नको" कळव. मी तिळभर वाईट वाटून घेणार नाही, इथूनच वैजनाथाला अभिषेक करीन. पण ये म्हणालीस तर सगळं टाकून येईन. त्या दिवशी नवरीजवळ कोणीतरी लागतं, बाई. हळदीची वाटी धरायला, ऐनवेळी हरवलेली पिन शोधायला, गर्दीतून वाट काढत "काही खाल्लंस का" विचारायला. तेवढंच करीन आणि मागच्या खुर्चीवर बसेन. आता खाली नाव काय घालावं म्हणून मी मघापासून पेन धरून बसलेय. वनमाला लिहू, की काकू लिहू? ह्यांना विचारलं. टाकीची काच पुसता पुसता, मान वर न करता म्हणाले, "आई लिही. घटस्फोट आदिनाथचा झालाय, तुझा न्हाई."

तुझीच,
आई